हडसन बेची पांढरी अस्वलं मोजतात कशी? (आणि त्या आकड्यांवर इतके वाद का)

विनिपेगकर

मंडळी, ध्रुवीय अस्वलांचा विषय निघाला की नेहमी दोनच गोष्टी होतात, एकजण हाडं दिसणाऱ्या अस्वलाचा फोटो टाकतो आणि दुसरा येऊन म्हणतो अहो अस्वलं तर वाढलीयेत, आणि मग धागा कुठल्या कुठे जातो. म्हणून हा धागा फक्त मोजणीवर काढतोय. मी कॅनडात मॅनिटोबात राहतो, हडसन बे ह्या मोठ्या उपसागराच्या काठचं चर्चिल गाव आमच्याच प्रांतात. तिथे जायला रस्ता नाही, विमान नाहीतर विनिपेगहून दोनेक दिवसांची ट्रेन. दर ऑक्टोबर-नोव्हेंबरला इथल्या बातम्यांत "बे गोठला का" हा विषय असतोच, त्यामुळे इतकी वर्षं इथे राहून हे सगळं वाचायची सवयच लागलीये.

आधी आकडे. जगात अस्वलांचे १९ गट धरत आले (आता आग्नेय ग्रीनलँडचा वेगळा धरून २०), त्यातला पश्चिम हडसन बेचा गट हा सगळ्यात जास्त अभ्यास झालेल्यांपैकी एक. १९८७ च्या सुमाराला इथे साधारण १२०० अस्वलं होती. २०११ ला हजाराच्या आसपास, २०१६ ला ८४२, २०२१ ला ६१८.

आता हे का होतंय ते. हडसन बेचा बर्फ दर उन्हाळ्यात पूर्ण वितळतो, काहीच उरत नाही, त्यामुळे इथल्या झाडून सगळ्या अस्वलांना किनाऱ्यावर यावंच लागतं आणि नोव्हेंबरात पाणी गोठेपर्यंत तिथेच थांबावं लागतं. त्यांचं खरं खाणं म्हणजे सील, आणि सील पकडता येतो तो बर्फावरच, श्वास घ्यायला वर येतो त्या भोकाशी दबा धरून. पोहत्या सीलला अस्वल गाठू शकत नाही. त्यातही एप्रिल ते जून हे महिने सोन्याचे, कारण तेव्हा सीलची नवी पिल्लं असतात, चरबीने भरलेली आणि अजून न शिकलेली. वर्षभराची चरबी तेव्हाच साठवायची असते. आणि बर्फ आता आधीपेक्षा लवकर फुटतो, म्हणजे कापले जातात ते नेमके हेच दिवस. १९८० च्या दशकापेक्षा अस्वलं आता तीन-चार आठवडे जास्त जमिनीवर असतात.

मोजणी ऑगस्ट-सप्टेंबरात करतात, बर्फ नसताना. तेव्हा सगळी अस्वलं किनारपट्टीवर असतात आणि तपकिरी जमिनीवर पांढरं अस्वल लांबून दिसतं. हेलिकॉप्टर किंवा छोटं विमान ठरलेल्या सरळ रेषांवरून उडतं, दोन्ही बाजूंना माणसं बघत असतात, अस्वल दिसलं की रेषेपासून किती लांब ते नोंदवतात. जवळची बहुतेक सगळी दिसतात, लांबची निसटतात, आणि अंतर वाढत जाईल तशी नोंद कशी कमी होत जाते त्यावरून निसटलेल्यांचा अंदाज काढतात.

माझं म्हणणं सरळ आहे. "जगात ध्रुवीय अस्वलं किती" ह्या प्रश्नातून काही हाती लागत नाही. कुठला गट, कुठल्या साली, कुठल्या पद्धतीने मोजला, ते विचारा, आणि नुसती डोकी मोजून थांबू नका, वजन बघा आणि पिल्लं बघा. बोला आता.

चंद्रपुरी

छान धागा विनिपेगकर. ते किनाऱ्यावर यावंच लागतं वालं वाचून आमची बुद्धपौर्णिमेची पाणवठ्यावरची रात्र आठवली, मचाणावर बसून येईल त्या प्राण्याची नोंद करायची, उन्हाळ्यात पाणी दुसरीकडे नाही म्हणून प्राणी तिथे येणारच. तत्त्व तेच दिसतंय.

पण एक विचारतो, आणि खरंच विचारतोय, वाद घालायला नाही. ग्रुपवर नेहमी येतं की १९६० च्या दशकात ५००० अस्वलं होती आणि आता २६०००. म्हणजे बर्फ कमी होत असताना पाचपट वाढली. हे खरं की खोटं ते एकदा नीट सांगा.

विनिपेगकर

@चंद्रपुरी, २६००० हा आकडा खरा आहे, २०१५ च्या आययूसीएनच्या (आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या) मूल्यमापनातला, पण त्याच्या बरोबर २२००० ते ३१००० अशी कक्षा आहे, म्हणजे खरा आकडा ह्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असावा, ती मेसेजमध्ये कोणी टाकत नाही. ५००० ची गोष्ट वेगळी. १९६५ मध्ये अलास्कात फेअरबँक्सला पाच देशांचे लोक पहिल्यांदा ह्या विषयावर एकत्र बसले, तेव्हा कोणाकडेच मोजणी नव्हती, सोव्हिएत बाजूचा अंदाज ५००० च्या पुढेमागे आणि दुसऱ्यांचा त्याच्या दुपटी-तिपटीचा. तो आकडा अंदाज होता, गणना नव्हती. गणनेतून अंदाज वजा केला तर जे येईल त्याला वाढ म्हणता येत नाही.

आणि काही ठिकाणी अस्वलं खरंच वाढली, ते लपवायचं कारण नाही. त्या काळात विमानातून, बोटीतून, वाटेल तशी शिकार चालायची. १९७३ ला ओस्लोत कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, सोव्हिएत युनियन आणि अमेरिका ह्यांनी करार केला, शिकारीवर लगाम आला आणि गट सावरले. बंदूक थांबली म्हणून वाढलेली संख्या ही बर्फाच्या बाजूचा पुरावा कशी होईल? दोन वेगळ्या गोष्टी एकाच काळात घडतायत, त्या वेगळ्या करूनच बघायला लागतील.

मृण्मयी_प

मी स्टॅटिस्टिक्सवाली आहे, अस्वलांमधलं काही कळत नाही पण आकड्यांबद्दल लिहिते.

विनिपेगकर, तुम्ही चंद्रपुरींना कक्षा सांगितलीत आणि वरती मुख्य लेखात मात्र ८४२ आणि ६१८ नुसतेच दिलेत, तर ते पूर्ण करते. २०१६ ची कक्षा साधारण ५६२ ते ११२१, आणि २०२१ ची ३८५ ते ८५२. म्हणजे दोन्ही एकमेकांवर भरपूर चढतात. फक्त ह्या दोन वर्षांवरून कोणी "२७ टक्के घट सिद्ध झाली" म्हणालं तर मी मान्य करणार नाही. पण म्हणून "काहीच घडलं नाही" असंही होत नाही, हे लोकांना समजावणं फार अवघड जातं. कक्षा मोठी असते कारण प्राणी थोडे आणि प्रदेश प्रचंड. अशा वेळी एका वर्षाच्या आकड्याला चिकटून न राहता पूर्ण मालिका बघायची, १९८७ पासून २०२१ पर्यंत उतार एकाच दिशेला आहे का. तो आहे. आणि वेगवेगळ्या पद्धतींनी तीच दिशा येत असेल तर विश्वास अजून वाढतो.

दुसरी पद्धत म्हणजे पकडून खूण करून पुन्हा पकडायची. समजा पहिल्या वर्षी १०० अस्वलांना खूण केली. पुढच्या वर्षी ८० बघितली, त्यात २० खुणेची निघाली. म्हणजे पाव हिस्सा खुणेचा, तर १०० हा पण एकूणाचा पाव हिस्सा असणार, एकूण ४००. हे झालं साधं रूप. प्रत्यक्षात मधल्या काळात काही मरतात, काही जन्मतात, काही दुसरीकडे जातात, काही एकदा पकडल्यावर हेलिकॉप्टरच्या आवाजाला लपायला शिकतात, त्या सगळ्याची सोय मॉडेलमध्ये करायला लागते. पण ह्या पद्धतीत एक गोष्ट मिळते जी विमानातून मिळत नाही, तेच प्राणी वर्षानुवर्षं भेटत राहिल्यामुळे जगण्याचं प्रमाण कळतं. अलास्काच्या उत्तरेला दक्षिण बोफोर्ट समुद्रात २००१ ते २०१० असंच काम झालं, त्यात साधारण ४० टक्के घट निघाली, २०१० ला जेमतेम ९०० उरली, आणि २००४ नंतरची मधली दोन-तीन वर्षं जगण्याचं प्रमाण फारच पडलं होतं हेही त्यातूनच कळलं.

चंद्रपुरी

मृण्मयीताई, एकदम स्पष्ट. आमच्याकडे वाघाला पट्टे असतात, प्रत्येकाचे वेगळे, कॅमेऱ्यात आला की ओळखला. पंजाच्या ठशांवरून मोजायचे ते सोडून कॅमेऱ्यावर आलो त्याचं कारणच ते. पांढऱ्या अस्वलाला काय ओळखणार?

पण अजून एक. मी थोडं शोधलं तर शेजारच्या दक्षिण हडसन बेच्या गटात २०१६ ला ७८० होती ती २०२१ ला १११९ झाली म्हणे. मग पश्चिमेची अस्वलं मेली नाहीत, शेजारी गेली असं का नाही म्हणायचं? दोन्हीची बेरीज केली तर उलट थोडी वाढतेय.

विनिपेगकर

हा प्रश्न कोणीतरी विचारावा असं वाटतच होतं. बरोबर आहे, २०२१ ला दोन्हीकडे एकाच वर्षी पाहणी झाली आणि आकडे तेच आले. काही अस्वलं सरकली असणार हे मोजणाऱ्यांनीही नाकारलेलं नाही. बर्फ शेवटी ज्या बाजूला उरतो त्या बाजूला अस्वल उतरतं, दोन गटांमधली रेघ आपण नकाशावर मारलीये, त्याला ती माहीत नाही.

पण म्हणूनच वरती म्हटलं की डोकी मोजून थांबू नका. पश्चिमेत २०११ ते २०२१ घट कोणाची झाली? माद्यांची आणि वयात न आलेल्या अस्वलांची. मोठे नर जवळपास तेवढेच राहिले. नुसतं स्थलांतर असतं तर ते नेमकं माद्या आणि पोरांचंच का झालं असतं? आणि दुसरं, वजन. इथे सरकारी शास्त्रज्ञ दरवर्षी अस्वलं पकडून वजन-मापं घेत आलेत, इयन स्टर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सुरू करून टिकवलं. त्या नोंदींवर टोरोंटो विद्यापीठाच्या लोकांनी २०२५ मध्ये काम प्रसिद्ध केलं त्यात ३७ वर्षांत आयांचं सरासरी वजन ३९ किलोंनी आणि वर्षाच्या पिल्लांचं २६ किलोंनी कमी झालेलं दिसतंय. शेजारी सरकलेल्या अस्वलामुळे इथे राहिलेल्याचं वजन कमी होत नाही ना. त्यांनी बर्फावर किती खायला मिळालं आणि जमिनीवर किती खर्च झालं ह्या ऊर्जेच्या हिशोबावरूनच मॉडेल केलं आणि त्यातून गटाची घसरण जवळपास निम्म्यावर आलेली जुळली. मला तरी हा पुरावा संख्येपेक्षा जड वाटतो.

ज्योती_सातारा

नमस्कार, मी शाळेत विज्ञान शिकवते, हा धागा मुलांना वाचून दाखवणार आहे. मुलं विचारतात ते विचारते, अस्वल जमिनीवर दुसरं काही खाऊन का राहत नाही? आपल्याकडचं अस्वल मोहाची फुलं, वाळवी, मध, सगळं खातं.

विनिपेगकर

ज्योतीताई, खातं ना, पण पुरत नाही. २०२४ ला एक अभ्यास आला त्यात पश्चिम हडसन बेच्याच २० अस्वलांच्या गळ्यात कॅमेरे बांधले होते, उन्हाळ्यात तीन-तीन आठवडे. कोणी बेरी खाल्ल्या, कोणी गवत, कोणी पक्षी, हाडं, काही नुसती पडून राहिली शक्ती वाचवायला. काही लांब पोहत गेली, एकाने तर १७५ किलोमीटर. शेवटी २० पैकी १९ चं वजन घटलं, बहुतेकांचं रोज किलोभर. म्हणजे झोपून राहिलं काय आणि वणवण केली काय, फार फरक नाही. मोहाच्या फुलांवर जगणाऱ्या अस्वलाचं शरीर आणि सीलच्या चरबीवर वाढलेल्या ह्या चार-पाचशे किलोच्या नराचं शरीर ह्यांची भूकच वेगळी.

सगळ्यात वाईट अवस्था गाभण मादीची. ती नोव्हेंबरात बाकीच्यांबरोबर बर्फावर जात नाही, चर्चिलच्या दक्षिणेला पीटच्या (कुजलेल्या वनस्पतींच्या) मातीत खोदलेल्या बिळात जाते, डिसेंबरच्या आसपास पिल्लं होतात, अर्ध्या-पाऊण किलोची, आणि फेब्रुवारी-मार्चला त्यांना घेऊन बाहेर पडते. उन्हाळ्यापासून तोवर जवळजवळ आठ महिने पोटात अन्न नाही आणि वर दूध पाजायचं. तिची चरबी जूनपर्यंत पुरेशी साठली नसेल तर पिल्लं होतच नाहीत किंवा टिकत नाहीत. पूर्वी इथे तिळी पिल्लं घेऊन फिरणाऱ्या माद्या दिसायच्या असं जुने लोक सांगतात.

रानवेडा

सगळं वाचलं, खूप माहिती मिळाली. पण मला एक टोचतंय. हेलिकॉप्टरने पाठलाग करायचा, बेशुद्ध करायचं, दात उपटायचा, गळ्यात कॉलर अडकवायची, आणि ह्याला संवर्धन म्हणायचं. आधीच उपाशी असलेल्या प्राण्याला असं पळवायचं? आणि त्याच कॅनडात दरवर्षी शिकारही करू देतात. अस्वल कमी होतंय म्हणून रडायचं आणि गोळी पण घालायची, हे मला तरी समजत नाही.

नेहा_कॅलगरी

@रानवेडा, राग समजतो पण थोडं सांगते. मी नर्स आहे, हडसन बेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या इन्युइट (तिथले मूळ रहिवासी) गावांत कामाला होते, तिथे पिढ्यानपिढ्या लोक अस्वलाबरोबर राहतायत. अस्वल पकडून बेशुद्ध करण्याला सगळ्यात मोठा विरोध कोणाचा असेल तर तो त्यांचाच आहे. त्यांच्यात नानुक, म्हणजे अस्वल, ह्याला मान देऊन वागायचं असतं, त्याला असं उगाच हात लावणं त्यांना पटत नाही, आणि औषध दिलेल्या अस्वलाचं मांस खायला लोक घाबरतात. त्यांच्या आग्रहामुळेच नुनावुटमध्ये, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेतल्या इन्युइट प्रदेशात, पद्धत बदलत गेली. आता बऱ्याच ठिकाणी हेलिकॉप्टरमधून छोटा डार्ट मारतात, तो कातडीचा चिमूटभर तुकडा घेऊन खाली पडतो, अस्वल पळून जातं. त्या तुकड्यातून डीएनए, आणि डीएनए हीच त्याची खूण. मृण्मयीताईंनी सांगितलेलं खूण करून पुन्हा शोधायचं गणित तसंच, फक्त पकडायचं नाही. चंद्रपुरींना पण हेच उत्तर, पट्टे नाहीत म्हणून डीएनए.

शिकारीचं म्हणाल तर ती कोटा ठरवून होते, गावाला ठरलेली संख्या. त्या गावात दुकानात एक फ्लॉवर किती डॉलरला मिळतो ते बघितलं की शिकार म्हणजे काय ते कळतं, मांस घरोघरी वाटलं जातं, म्हाताऱ्यांना आधी. आणि शिकारी त्या अस्वलाचे नमुने, दात वगैरे, जमा करतात, त्यातून वय कळतं, आधीची खूण आहे का कळतं. म्हणजे मोजणीत त्यांचा हात आहे. नुनावुटमधल्याच मॅक्लिंटॉक चॅनेल ह्या सामुद्रधुनीत २००० च्या सुमाराला २८४ अस्वलं निघाली म्हणून शिकार बंद केली, मग अगदी थोड्या कोट्यावर चालू केली, त्याची किंमत त्या गावांनी मोजली, आणि २०१४-१६ च्या मोजणीत तिथे ७१६ निघाली.

रानवेडा

गावाचं समजलं, धन्यवाद नेहाताई. शिकार बंद केल्यावर तिथे अस्वलं वाढली हे तुम्हीच सांगितलंत, म्हणजे माझा मुद्दा तर अजून पक्का झाला. पश्चिम हडसन बेमध्ये ६१८ उरली असताना कोटा शून्य का नाही?

नेहा_कॅलगरी

कारण गावातल्या लोकांना अस्वलं कमी झालेली दिसत नाहीत. त्यांना ती जास्त दिसतात, दारात, कचऱ्याजवळ, मुलांच्या शाळेच्या वाटेवर. तिथल्या अर्वियट गावात हॅलोविनला मुलं घरोघर फिरायची ती आता हॉलमध्ये आत जमवतात, कारण तो नेमका अस्वलं किनाऱ्यावर असायचा काळ. रात्री गस्त घालणारे लोक आहेत गावात. तिथल्या आईला जाऊन "अस्वलं संपत चाललीयेत" सांगा बरं. शास्त्रज्ञ म्हणतात बर्फ नाही म्हणून जमिनीवर जास्त वेळ असतात आणि भुकेली गावाकडे येतात, म्हणून जास्त दिसतात. ते बरोबरही असेल. पण जे लोक रोज बघतात त्यांना तुमचं चुकतंय असं दर वेळी बाहेरून येऊन सांगितलं तर ते पुढच्या मोजणीला मदत का करतील? माझ्या मते त्यांना बाजूला ठेवून केलेली मोजणी टिकणारच नाही.

विनिपेगकर

नेहा, तुमच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. मॅक्लिंटॉकच्या बाबतीत एक जोडतो, तिथे फक्त शिकार कमी झाली एवढंच नाही. तिथे पूर्वी जाड, बरीच वर्षं न वितळणारा बर्फ असायचा, त्यात सील कमी. तो पातळ झाला, दरवर्षी वितळून नव्याने होऊ लागला तसा समुद्र जास्त जिवंत झाला आणि सीलही वाढले असावेत. ग्रीनलँड आणि कॅनडाच्या मधल्या केन बेसिनमध्येही तसंच दिसतं, १९९० च्या दशकात १६४ होती ती २०१३-१४ ला ३५७. हा फायदा काही काळापुरता, बर्फ पातळ होण्याचा टप्पा संपून बर्फ नसण्याचा टप्पा आला की त्यांचंही हडसन बे होणार. म्हणून एका गटाचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही.

आणि पकडण्याबद्दल. रानवेडा, त्रास होतो हे खरं आहे, नाकारत नाही. पण वजन आणि चरबी विमानातून कळत नाही, आणि वर जो सगळ्यात जड पुरावा म्हटला तो पकडूनच मिळालाय. दात म्हणता तो एक छोटासा निरुपयोगी दाढेआधीचा दात, झाडाच्या खोडात असतात तशी त्यात वर्षाची वलयं असतात. कॉलर फक्त मोठ्या माद्यांनाच, कारण नराची मान डोक्यापेक्षा जाड, कॉलर सरळ निघून जाते, आणि पोरांची मान वाढत असते. म्हणजे जगभर आपल्याला अस्वलांच्या हालचालींबद्दल जे माहीत आहे त्यातलं बरंचसं माद्यांबद्दलच आहे. आता केसांना चिकटणारे छोटे टॅग करून बघतायत, काही आठवडे-महिने राहून आपोआप गळून पडणारे, ते जमलं तर नरांचंही कळेल.

वास्कोकार

मी गोव्याहून. एनसीपीओआर, म्हणजे भारताची ध्रुवीय संशोधन संस्था, आमच्या इथे हेडलँड सड्यावर आहे, आणि मी स्वतः हिमाद्रीला जाऊन आलोय, नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ओलेसुंडला. २००८ पासून भारताचं स्टेशन आहे तिथे, आता हिवाळ्यातही माणसं ठेवतात. आमचं काम समुद्राचं आणि हवेचं, अस्वलांचं नाही, पण तिथे पोचल्यावर आधी शिकवतात ते अस्वलाबद्दल. वस्तीबाहेर पडायचं तर रायफल आणि फ्लेअर पिस्तूल बरोबर, ती चालवायचं ट्रेनिंग घेतल्याशिवाय सोडतच नाहीत. घरांची दारं कुलूप न लावता ठेवतात, अस्वल आलं तर कोणीही कुठल्याही घरात शिरू शकावं म्हणून. फिल्डवर एकजण काम करतो आणि एकजण फक्त चारी बाजूंना बघत उभा राहतो.

मला सांगायचं ते वेगळं. स्वालबार्डच्या बाजूच्या बॅरेंट्स समुद्रात बर्फ ज्या वेगाने जातोय तसा बाकी कुठेच नाही, आम्ही न्यू-ओलेसुंडजवळच्या कोंग्सफ्योर्डमध्ये (फ्योर्ड म्हणजे जमिनीत आत शिरलेली अरुंद खाडी) आमचं उपकरण पाण्यात टाकून बसलोय तिथे अटलांटिकचं गरम पाणी आत येताना दिसतं. म्हणजे तुमच्या हिशोबाने स्वालबार्डची अस्वलं सगळ्यात आधी खलास व्हायला पाहिजेत. तशी अजून झालेली नाहीत. नॉर्वेवाले सांगतात तिथली अस्वलं अजून बऱ्यापैकी अंगाने भरलेली आहेत, पक्ष्यांची अंडी खातात, रेनडिअर मारतात, वॉलरसचं मढं मिळालं तर त्याच्यावर राहतात. हे कसं?

विनिपेगकर

वास्कोकार, तुमच्यासारखं प्रत्यक्ष राहून आलेलं कोणी इथे बोललं ह्याचा फार आनंद झाला. तुमचा मुद्दा अगदी योग्य आहे आणि मी तो सोपा करून उडवणार नाही. स्वालबार्डला वॉलरस आणि रेनडिअर दोन्ही शिकारबंदीनंतर खूप वाढले, ते खाणं हडसन बेच्या अस्वलांना नाही. शिवाय तिथल्या गटातला मोठा भाग बर्फाबरोबर उत्तरेला सरकतो, आणि किनाऱ्यावर राहणारी अस्वलं काही शेच आहेत. हडसन बेच्या अस्वलाला उत्तरेला सरकायची सोय नाही, सगळा बर्फच जातो. आग्नेय ग्रीनलँडमध्ये तर २०२२ ला क्रिस्टिन लेड्रे आणि सहकाऱ्यांनी एक निराळाच गट दाखवला, काही शे अस्वलं, जनुकांनी वेगळी, वर्षाचे २५० हून जास्त दिवस समुद्रात बर्फ नसतो तरी जगतात, कारण हिमनद्यांचे तुटून आलेले गोड्या पाण्याचे बर्फाचे तुकडे फ्योर्डमध्ये अडकून राहतात, त्यावर उभं राहून ती सील पकडतात. पण असे फ्योर्ड आर्क्टिकमध्ये थोडेच.

म्हणून सगळीकडे सारखं न धरता प्रत्येक ठिकाणचा बर्फ मोजतात. हॅरी स्टर्न आणि लेड्रे ह्यांनी सॅटेलाईटच्या १९७९ पासूनच्या नोंदींवरून तेव्हा धरलेल्या १९ ही गटांच्या भागांत बर्फ कधी फुटतो, कधी परत होतो ते काढलं, आणि सगळ्याच्या सगळ्या १९ ठिकाणी फुटणं लवकर आणि गोठणं उशिरा होत चाललंय, दर दशकाला दोन्ही बाजूंनी साधारण ३ ते ९ दिवस. एकही अपवाद नाही. संख्येचं चित्र विस्कळीत आहे, बर्फाचं नाही.

चंद्रपुरी

हे १९ पैकी १९ वालं मला पटलं, इतर आकड्यांपेक्षा हेच ग्रुपवर टाकतो. मग सॅटेलाईटवरून अस्वलंच का नाही मोजत? आजकाल तर गाडीचा रंग पण दिसतो म्हणतात.

मृण्मयी_प

केलंय तसं. हडसन बेच्या उत्तरेला फॉक्स बेसिनमधल्या राउली बेटावर २०१२ च्या उन्हाळ्यात फोटो घेतले, सपाट बेट, बर्फ नाही, गडद जमीन, अस्वल म्हणजे एक पांढरा ठिपका. दगड आणि पाण्याचा फेसही पांढराच, म्हणून दोन वेगळ्या दिवसांचे फोटो शेजारी ठेवायचे आणि जो ठिपका हलला तो अस्वल. तेव्हाच विमानातूनही मोजणी केली, दोन्ही उत्तरं शंभराच्या आसपास, जवळजवळ सारखी. पण बर्फावर ही पद्धत चालत नाही, आणि ठिपक्यावरून नर की मादी, जाड की रोड काही कळत नाही. मला स्वतःला बर्फावरच्या पावलाच्या ठशातून डीएनए काढायचा प्रयोग जास्त आवडला, ठशातला वरचा बर्फ खरवडून घ्यायचा, त्यात तळव्याच्या पेशी असतात, आणि आता त्यातून एकेक अस्वल वेगळं ओळखता येऊ लागलंय. ते गावातले लोक स्वतः करू शकतील, हेलिकॉप्टरचा खर्च नाही.

विनिपेगकर

खर्चाचं निघालंच म्हणून. मला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते सांगू, रशियाच्या बाजूची. कारा समुद्र, लाप्टेव्ह समुद्र, इतका प्रचंड किनारा आणि तिथे धड एक मोजणी नाही. फेब्रुवारी २०१९ ला नोवाया झेम्ल्यावरच्या बेलुश्या गुबा गावात पन्नासेक अस्वलं घुसली, आणीबाणी जाहीर केली, जगभर बातमी झाली, पण त्या भागात एकूण अस्वलं किती ते सांगता येत नाही. अलास्का आणि रशियाच्या मधल्या चुकची समुद्रात अमेरिका-रशियाचा करार होता, अमेरिकेच्या बाजूने काम होऊन साधारण ३००० चा अंदाज आला, आणि तिथली अस्वलं तब्येतीने चांगली होती हेही कळलं. २०२२ नंतर सगळंच गोठलं. जिथे अस्वलं बरी आहेत तिथे बघत राहणं जास्त गरजेचं असतं, कारण घसरण सुरू झाली ते वर्ष आपल्याला सापडायला हवं. आपल्याकडे पश्चिम हडसन बेची गोष्ट सांगता येते ती केवळ चाळीसेक वर्षं कोणीतरी न चुकता वजन केलं म्हणून.

रानवेडा

पकडण्यावर माझं मत बदललेलं नाही, पण डार्ट आणि ठशांचं वाचून बरं वाटलं. जिथे तेवढ्यावर भागतं तिथे पकडणं थांबवावं एवढंच म्हणेन.

ज्योती_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. मृण्मयीताई, ते खूण करून परत मोजायचं सातवीच्या मुलांकडून वर्गात करून घेता येईल का?

मृण्मयी_प

नक्की येईल. मोठ्या डब्यात पांढरे वाटाणे घ्या, किती ते तुम्ही मोजून ठेवा पण मुलांना सांगू नका. एका गटाला मूठभर काढून प्रत्येकावर पेनाने ठिपका द्यायला सांगा, किती ठिपके दिले ते लिहा, परत टाकून नीट हलवा. दुसरी मूठ काढा, त्यात ठिपक्याचे किती ते मोजा आणि वरचं गणित करा. पाच-सहा गटांकडून वेगवेगळं करून घ्या म्हणजे प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल, ते सगळे फळ्यावर लिहा, कक्षा म्हणजे काय ते मुलांना तिथेच दिसेल. मग गुपचूप डब्यातले थोडे वाटाणे काढून टाका आणि परत करायला सांगा, कमी झाले हे किती गटांना कळतं ते बघा. शेवटचा भाग सोडू नका, खरं काम तिथेच आहे. थोडेच काढले तर बहुतेकांना कळणार नाही, निम्मे काढले तर जवळजवळ सगळ्यांना कळेल. झालं की आकडे इथे टाका, मी बघते.